सोड, धर

समोरच्या संघाचा कोच घसा ताणून ओरडतो, "सोड तिला! एकटी आहे, सोड!" त्याच वेळी आमच्या बाकावरच्या पोरी ओरडतात, "सोड! अगं, सोड ना!" दोन्हीकडून शब्द एकच, आणि मधे हातात चेंडू घेतलेली माझी मुलगी. समोरच्यांचं म्हणणं, तिच्या अंगावर जाऊ नका, तिला मोकळी ठेवा, ती काही रिंगमध्ये चेंडू मारत नाही. आमच्यांचं म्हणणं, चेंडू सोड, रिंगकडे फेक, तुझ्यासमोर चिटपाखरू नाही. मी सगळ्यात वरच्या पायरीवर, खांबामागे बसलेला असतो. तिथून अर्धंच मैदान दिसतं, त्यामुळे शेजारी येऊन बसायची कुणी तसदी घेत नाही. मला ते बरं पडतं.

मुलीला घरी आणि मैदानावर एकच नाव आहे, भिंगरी. ते मीच ठेवलं, कारण लहानपणी ती जेवायला बसली तरी ताटाभोवती एक चक्कर मारून यायची. कॉलेजच्या बास्केटबॉल संघात ती पॉइंट गार्ड आहे. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांना मी सांगतो की पॉइंट गार्ड म्हणजे घरातली थोरली सून. चेंडू पुढे आणायचा तिनं, कुणाला कधी द्यायचा ते ठरवायचं तिनं, आणि काही सांडलं-लवंडलं की बोलणी खायची तीही तिनंच.

पहिल्या वर्षी तिचा खेळ बघवत नव्हता. मी बाप, म्हणून बसून राहायचो. चेंडू तिच्याच बुटावर आपटून बाहेर जायचा. डावा हात असून नसल्यासारखा. घाई तर इतकी, की आधी पास द्यायची आणि मग तिथे कुणी आहे का ते बघायची. एकदा तिनं इतका छान, इतका सरळ पास दिला की तो थेट पंचाच्या पोटात बसला, आणि पंचानंही तो दोन्ही हातांनी नीट पकडला. लोक हसले. ती हसली नाही. 

दुसऱ्या वर्षी तिनं डाव्या हाताच्या मागे हात धुऊन लागायचं ठरवलं. दात डाव्या हातानं घासायचे, कुलूप डाव्या हातानं उघडायचं, चहा डाव्या हातानं गाळायचा. त्यात आमच्या घरातल्या चांगल्या कपांचा बळी गेला आणि ओटा सतत चिकट. पण त्या वर्षाअखेर चेंडू तिच्या डाव्या हाताला असा राहायला लागला, की समोरची मुलगी उजवीकडे डोळे लावून बसलेली आणि ही डावीकडून कधी गेली ते तिला कळायचंच नाही. मग ती थांबायला शिकली. पळणं सगळ्यांना येतं, पळता पळता थांबणं फार थोड्यांना येतं, असं तिच्या कोचबाई म्हणतात. आणि यंदा, तिसऱ्या वर्षी, ती न बघता पास द्यायला लागली. मान एकीकडे, चेंडू दुसरीकडे, आणि जिथे चेंडू गेला तिथे बरोब्बर त्या क्षणाला आमच्या संघातली कुणीतरी पोचलेली. लोक "वा!" म्हणतात. तेव्हा मला खांबामागून बाहेर येऊन सगळ्यांना सांगावंसं वाटतं की ही माझी. मी येत नाही.

एवढं सगळं झालं, आणि घोडं पेंड खातं ते भलत्याच ठिकाणी. अंगावर दोघी धावून आल्या तर भिंगरी त्यांच्यामधून वाट काढते. समोर कुणीच नसलं की तिला सुचेनासं होतं. मोकळी जागा, समोर रिंग, हातात चेंडू, आणि ही मान वळवून वळवून बघते की हा कुणाला देऊ. शेवटी देते, तेही अशा मुलीला जिच्या दोन्ही बाजूंनी दोघी लटकलेल्या आहेत. चेंडू जातो. सगळ्या संघांना आता हे माहीत झालंय. म्हणून ते तिला सोडतात. तिकडे रिंगखाली नऊ जणींची रेटारेटी चाललेली असते आणि इकडे माझी मुलगी एकटीच उभी, जशी कार्यक्रम संपल्यावर घ्यायला कुणी न आलेली एखादी पोर उभी असते. ते मला बघवत नाही. पहिल्या वर्षीचा खेळ परवडला. आणि तरी, तिनं न मारता चेंडू देऊन टाकला की माझा निःश्वास सुटतो.

बरं, तिला मारता येत नाही म्हणावं तर तेही नाही. सरावानंतर मी तिला न्यायला जातो. बाकीच्या पोरी गेलेल्या असतात. दाराला एक गोल काच आहे, तिच्यातून मी बघतो. ज्या जागेवरून सामन्यात ती मारत नाही, नेमक्या त्याच जागेवरून ती मारत असते. चेंडू आत जातो. ती पळत जाऊन स्वतःच आणते, परत त्याच जागी येते, परत मारते. परत आत. कुणी टाळी वाजवत नाही, कुणी चेंडू आणून देत नाही. मी बराच वेळ दार उघडत नाही. का, ते मलाही धड सांगता येणार नाही.

मी लिफ्टा दुरुस्त करतो. शहरातल्या निम्म्या लिफ्टा माझ्या हाताखालून गेल्यात, आणि आम्ही राहतो ती इमारत चार मजल्यांची आहे आणि तिला लिफ्ट नाही. यावर शेजारी जो विनोद करतात तो मी आता त्यांच्याआधी करून मोकळा होतो. दोन खोल्या, एक अरुंद गॅलरी, आणि गॅलरीत वाळणारे तिचे बूट.

भिंगरी दुसरीत असताना तिची आई गेली. वारली नाही. गेली. दुसऱ्या शहरात तिचं दुसरं घर आहे. ती सुखात असावी असं मला मनापासून वाटतं. रोज नाही, पण अधूनमधून नक्की. मुलीला तिचे फोन येतात. तेव्हा मी गॅलरीत जाऊन बुटांच्या नाड्या सोडवत बसतो. जिन्यात बायका कुजबुजायच्या, "बायको सोडून गेली बिचाऱ्याला." त्यातला 'बिचाऱ्या' मी गिळला असता. पण 'सोडून' मला फार झोंबायचं, कारण तो शब्द माझ्या रोजच्या कामातला.

लिफ्ट मधेच अडकली की आम्ही दोघं जण गच्चीवरच्या मशीनरूममध्ये जातो, मी आणि माझा जोडीदार. वीज बंद करायची. जोडीदार ब्रेकच्या दांड्यावर, मी चाकावर. मी म्हणतो, "सोड." तो ब्रेक सोडतो, लिफ्ट हळूच सरकते. दोरावर प्रत्येक मजल्याची पिवळी खूण असते. ती खूण जागेवर आली की मी म्हणतो, "धर." तो ब्रेक धरतो. मग खाली जाऊन दार उघडायचं आणि आतल्या माणसाच्या शिव्या खायच्या. काम एवढंच आहे, पण शब्द चुकला तर एखाद्याचा जीव टांगणीला, आणि तोही खरोखरचा.

आई गेल्यावर भिंगरीला शाळेनंतर ठेवायला कुणी नव्हतं. मी तिला बरोबर न्यायचो. मशीनरूममध्ये हत्यारांच्या पेटीवर ती बसायची. नुसती बसेल ती भिंगरी कसली? म्हणून मी तिला काम दिलं. खुणेकडे बघायचं, आणि खूण आली की ओरडायचं. "सोड" मी म्हणणार, "धर" तिनं म्हणायचं. ती असं काही "धर!" ओरडायची की खाली अडकलेल्या माणसालाही धीर यायचा. जोडीदार म्हणायचा, "ही पोर आहे म्हणून आपली रोजीरोटी चालू आहे." तिला ते खरंच वाटायचं.

आजही मैदानात ती पास देताना "धर!" ओरडते. बाकीच्या मुली "घे" म्हणतात, नाहीतर नाव घेऊन हाक मारतात. हिचं आपलं "धर!" मला खांबामागे ऐकू येतं आणि प्रत्येक वेळी तेलाचा वास आल्यासारखं होतं.

कॉलेजची लिफ्ट आमच्याच कंपनीकडे आहे. अंतिम सामन्याच्या आधीच्या आठवड्यात मी तिच्या खालच्या खड्ड्यात उतरलो होतो, तेव्हा माझ्या डोक्याच्या पातळीला पांढरे बूट येऊन उभे राहिले.

"भिंगरीचे बाबा ना तुम्ही?" कोचबाई उकिडव्या बसल्या. "तुमच्याशी बोलायचं होतं. वर येता, की मी खाली येऊ?"

"खाली तेल आहे," मी म्हणालो. "तिथूनच बोला."

त्या तिथूनच बोलल्या. मोठ्या शहरातल्या विद्यापीठाचा संघ आहे, पुढचं शिक्षण तिथे, राहणं तिथे, खेळणं तिथे. त्यांना पॉइंट गार्ड हवी आहे. त्यांची निवड करणारी बाई अंतिम सामना बघायला येणार. "मला फोनवर त्यांनी एकच विचारलं. बाकी सगळं आम्ही ऐकलंय म्हणाल्या, मोकळी असली तर ती मारते का, तेवढं सांगा. मी काय सांगणार?"

"काय सांगितलंत?"

"म्हटलं, येऊन बघा." त्या आणखी खाली वाकल्या. "हात उत्तम आहे हो तिचा. हातात काही खोट नाही. ठरवण्यात आहे. तुम्ही बोलून बघा ना तिच्याशी. तुमचं ऐकेल ती."

मी पक्कड पुसत म्हणालो, "खेळातलं मला काय कळतं."

"मी खेळातलं म्हणत नाहीये." मग त्यांनी जे सांगितलं ते मला माहीतच नव्हतं. हेच बोलावणं गेल्या वर्षीही आलं होतं. भिंगरीनं परस्पर नाही म्हणून टाकलं. कोचबाईंनी कारण विचारलं, तर म्हणाली, 'बाबा एकटे पडतील.' "मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल," कोचबाई म्हणाल्या.

त्या गेल्यावर मी बराच वेळ खड्ड्यातच उभा राहिलो. आधी राग आला. हिला कुणी सांगितलं मी एकटा पडेन म्हणून? मी काय दूधपितं पोर आहे? मग रागाच्या खालून दुसरं काहीतरी वर आलं, आणि ते मला मुळीच आवडलं नाही. मला बरं वाटलं होतं. पोरगी माझ्यासाठी राहिली, याचं मला चक्क बरं वाटलं होतं. आणि सामन्यात ती मारत नाही तेव्हा खांबामागे माझा जो निःश्वास सुटतो तो कसला, हेही मला त्या खड्ड्यात उमगलं.

त्याच दुपारी एका जुन्या इमारतीत लिफ्ट अडकली. आत एक बाई, एकटी. आम्ही वर गेलो, वीज बंद केली. मी "सोड" म्हणालो आणि लगेच "धर." परत "सोड," परत लगेच "धर." असं बराच वेळ चाललं. शेवटी जोडीदार दांड्यावरून खेकसला, "अरे, मला सोडू देशील का जरा? बोटभर सोडलं की धर, बोटभर सोडलं की धर. आतली बाई म्हातारी होईल तिथे!"

"बरं, सोड," मी म्हणालो.

त्यानं नीट सोडलं. लिफ्ट सरकली तशी खालून किंकाळी आली, "अहो, पडतेय! लिफ्ट पडतेय!"

जोडीदारानं दांडा न सोडता जमिनीतल्या दोराच्या भोकाकडे तोंड केलं. "पडत नाहीये हो! वर चाललीय! तुम्ही एकट्याच आहात ना आत? हलकी लिफ्ट सोडली की वरच जाते!"

हे त्यानं आजवर शेकडो लोकांना ओरडून सांगितलंय. मागच्या बाजूला दोराला जे वजन बांधलेलं असतं, ते जवळपास रिकाम्या लिफ्टपेक्षा जड असतं. ब्रेक सोडला की ते वजन खाली येतं आणि लिफ्ट वर. लोकांना मात्र सोडलं म्हणजे पडलंच असं वाटतं. खूण जागेवर आली. मी "धर" म्हणालो. माझा आवाज मलाच वेगळा वाटला.

घरी मी दोन दिवस मूग गिळून बसलो. तिसऱ्या दिवशी जेवताना विषय काढला. मला गोड बोलून विषय काढता येत नाही, त्यामुळे मी सरळ काढला.

"गेल्या वर्षी बोलावणं आलं होतं म्हणे."

तिनं घास तसाच धरला. "कोचमॅडमनी सांगितलं?"

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं त्यात? नव्हतं जायचं."

"का?"

"बाबा, सोड ना."

हे तिचं नेहमीचं. 'सोड ना' म्हटलं की विषय संपला. मीही इतकी वर्षं संपू देत आलोय. पण त्या दिवशी मी पिच्छा पुरवला.

"मी एकटा पडेन म्हणून?"

"मग पडशील नाही का?" ती चिडली. चिडली की ती हुबेहूब माझ्यासारखी दिसते. "तुला गॅस बंद करायचं लक्षात राहत नाही. आजारी पडलास की कुणाला सांगत नाहीस. चार मजले चढून येतोस आणि दारात उभा राहून हाक मारतोस, किल्ली खिशात असते तरी. मी नसले तर हाक कुणाला मारणार?"

 किल्ली खिशात असते तरी मी हाक मारतो, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"ते माझं मी बघीन," मी म्हणालो. "तू मैदानात का मारत नाहीस ते सांग."

तिनं घास परत ताटात ठेवला. "सगळे बाजूला झाले ना, की मला वाटतं माझंच काहीतरी चुकलंय," ती म्हणाली. "मोकळं सोडलंय म्हणजे मी कुणाला नकोय, असं वाटतं. मग मला चेंडू कुणालातरी देऊन टाकावासा वाटतो. लवकर. म्हणजे मी परत त्यांच्यातली होते." मग लगेच म्हणाली, "जाऊ दे. वेडेपणा आहे."

मला म्हणायचं होतं की नाही, वेडेपणा नाही. मलाही तसंच वाटतं. जिन्यातल्या बायका बाजूला होऊन वाट देतात तेव्हा मलाही हेच वाटतं. पण आम्हा दोघांत असं बोलायची रीत नाही. मी तिच्या पुढ्यात पाण्याचा पेला सरकवला आणि म्हणालो, "धर." तिनं धरला. एवढंच झालं.

अंतिम सामन्याला मी खांबामागे बसलो नाही. पुढे जाऊन बसलो तर शेजारी दोन अनोळखी माणसं, आणि खालच्या रांगेत ती निवड करणारी बाई. चष्मा, मांडीवर पर्स, चेहऱ्यावर काही नाही. अशा चेहऱ्याची माणसं लिफ्टमध्ये अडकली तरी आरडाओरडा करत नाहीत, फक्त बाहेर आल्यावर तक्रार करतात.

भिंगरी सुरेख खेळली. डाव्या हातानं दोघींना चकवून आत घुसली, न बघता पास दिले, पळता पळता थांबली आणि मागून येणाऱ्या मुलीला पुढे निघून जाऊ दिलं. पण समोरचा कोच पक्का होता. पहिल्या काही मिनिटांतच त्यानं सुरू केलं, "सोड तिला! एकटी सोड!" आणि त्यांनी सोडली. दोनदा ती अगदी मोकळी उभी होती. दोनदा आमच्या पोरी "सोड!" ओरडल्या. दोनदा तिनं "धर!" म्हणत चेंडू गर्दीत दिला, आणि दोन्ही वेळा गेला. दुसऱ्या वेळी निवड करणाऱ्या बाईंनी घड्याळात बघितलं. कोचबाईंनी कपाळावर हात मारला. माझा निःश्वास या खेपेला सुटला नाही. 

शेवटी आम्ही एका गुणानं मागे होतो आणि चेंडू आमच्याकडे होता. घड्याळ उतरत होतं. भिंगरीनं चेंडू पुढे आणला. तिच्यासमोरची मुलगी दोन पावलं मागे गेली, मग आणखी मागे, आणि सरळ रिंगखालच्या गर्दीत जाऊन मिसळली. भिंगरी एकटी. तीच जागा, जिथून ती संध्याकाळी रिकाम्या मैदानात मारत असते.

"सोड तिला!" तिकडून.

"सोड!" इकडून.

तिनं मान वळवली. ती आता देणार हे सगळ्यांना कळलं. मी उभा राहिलो. ओरडलो नाही. मशीनरूममध्ये म्हणतो तसं, नेहमीच्या आवाजात म्हणालो, "सोड." शेजारच्या माणसालासुद्धा ऐकू गेलं नसेल. तिला गेलं असं मी म्हणणार नाही, त्या गोंगाटात ते शक्यच नव्हतं. तिनं मान सरळ केली, रिंगकडे बघितलं आणि चेंडू सोडला.

चेंडू रिंगवर आपटला, उडाला, परत रिंगवर पडला आणि कडेकडेनं फिरायला लागला. तो फिरत होता तेवढ्या वेळात मला स्वतःबद्दल एक गोष्ट कळली. तो आत जावा असं मला वाटत होतं. पोटापासून वाटत होतं. ती गेली तर माझं काय होईल, हे सगळं ठाऊक असून वाटत होतं. जा बाई, आत जा.

चेंडू बाहेर पडला. आम्ही हरलो.

पोरी रडल्या. भिंगरी रडली नाही, कमरेवर हात ठेवून रिंगकडे बघत तशीच उभी राहिली. मग तिच्या संघातली सगळ्यात उंच मुलगी आली आणि तिच्या गळ्यात पडली. मग दुसरी, मग तिसरी. चेंडू कुणाला दिलाच नव्हता, वर चुकवलाही होता, आणि तरी सगळ्या तिच्याभोवती. तिला ते समजत नव्हतं हे मला पायऱ्यांवरून दिसत होतं.

निवड करणाऱ्या बाई पर्स सावरत उठल्या. कोचबाई त्यांच्याकडे तोंड पाडून गेल्या. "चुकला," कोचबाई म्हणाल्या.

"चुकला," त्या म्हणाल्या. "पण मारला ना? चुकायचं कमी करता येतं. न मारण्याचं मात्र काही करता येत नाही." मग पर्स खांद्याला लावत म्हणाल्या, "त्याआधीचे दोन पास मात्र भयंकर होते. तिथे आल्यावर तिला रोज ऐकून घ्यावं लागेल."

बोलावणं परत आलं, आणि या वेळी भिंगरीनं मला विचारलं. मी "जा" म्हणालो. एकदाच म्हणालो, कारण दुसऱ्यांदा म्हणायची माझी तयारी नव्हती.

ती निघाली त्या दिवशी मी तिला बसपर्यंत पोचवायला गेलो. बॅग मी घेतली होती. चार मजले मीच उतरवली, रस्ताभर मीच ओढली. बसच्या दारापाशी रांग होती आणि ती नंबरात पुढे होती. मागे एक बाई मूल घेऊन उभी, हिनं तिला पुढे जाऊ दिलं. एक आजोबा आले, हिनं त्यांना पुढे जाऊ दिलं. मग दोन धडधाकट माणसं आली, हिनं त्यांनाही हातानं वाट करून दिली.

"अगं, तुझी जागा जाईल," मी म्हणालो. "इथेही पासच देत बसणार आहेस का?"

ती हसली. "सवय आहे रे." आणि मग ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, तशी दचकून पायरीवर चढली आणि बॅगेच्या मुठीला हात घातला.

मूठ एकच होती. तिच्यावर तिचा हात आणि माझा हात. ती ओढत होती आणि बॅग जात नव्हती. मला वाटलं बॅग कशाततरी अडकली असेल. मी खाली वाकून चाकं बघितली. चाकं मोकळी होती.

"बाबा," ती म्हणाली. "सोड."

"जड आहे गं," मी म्हणालो.

"नाहीये जड. बाबा, सोड ना."

माझी बोटं पांढरी पडली होती. मी त्यांच्याकडे बघत होतो, जशी ती दुसऱ्या कुणाची बोटं आहेत. ड्रायव्हरनं परत हॉर्न वाजवला. मग मी सोडली. तिनं बॅग उचलली, डाव्या हातानं, आणि वर गेली.